प्लग काळे, पण स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी: घाटात दम सोडणाऱ्या गाडीचं निदान

मागच्या पावसाळ्यात एक सर गाडी घेऊन आमच्या गॅरेजवर आले. सरांची नोकरी चिपळूणला, घर कराडला. शनिवारी शाळा सुटली की कुंभार्ली घाट चढून घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परत उतरायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गाडी २०१७ची, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल. दारातच म्हणाले, "मिस्त्री, पोफळी मागं टाकली की गाडी जीव टाकते. दुसऱ्या गिअरलासुद्धा ओढत नाही. मागून एसटी हॉर्न मारतीय, मी पाय पार तळाला लावलाय, आणि गाडी नुसती घुरघुरते."

त्याआधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. दुसऱ्याने इंजेक्टर काढून मशिनवर धुतले. तिसऱ्याने चेक इंजिनचा दिवा बघितला, स्कॅनरवर 'मिश्रण पातळ', म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असा कोड आला म्हणून पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे गाडी बरी चालायची, मग ये रे माझ्या मागल्या. १७चं ॲव्हरेज १२वर आलं होतं. सरांच्या हातात बिलांची पुरचुंडी होती आणि त्यांना एकच विचारायचं होतं: नेमकं बिघडलंय काय?

हा प्रकार एका सरांचा नाही. महिन्याला अशा दोन-तीन गाड्या येतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीला बहुतेक ठिकाणी हेच लागू पडतं. डिझेलचं गणित वेगळं, ते इथे घेत नाही.

दोन-तीन आठवडे बरी का चालते?

आधी याचं उत्तर हवं, कारण ग्राहक आणि मिस्त्री दोघंही इथेच फसतात. स्कॅनरने कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की इंजिनच्या कॉम्प्युटरने आजवर शिकून ठेवलेली पेट्रोलची दुरुस्तीही पुसली जाते. कॉम्प्युटर परत शून्यापासून, म्हणजे कंपनीने भरलेल्या मूळ आकड्यांवर सुरू होतो. त्या आकड्यांवर गाडी चांगलीच चालते. मग सेन्सर जी चुकीची बातमी देतोय ती ऐकून ऐकून तो हळूहळू परत चुकीचं शिकतो, आणि गाडी परत गुदमरायला लागते. ग्राहकाला वाटतं नव्या प्लगने फरक पडला होता. फरक पडला तो पाटी कोरी झाल्यामुळे.

म्हणून काही बदलल्यावर लगेच चाचणी घेऊन 'झालं' म्हणू नका. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून परत आकडे बघा.

स्कॅनर लावण्याआधी

गाडी सकाळी थंड असताना बघायला मिळाली तर सोनं. सरांना मी सांगितलं, गाडी रात्री इथेच ठेवा. सकाळी स्टार्ट केली आणि मागे सायलेन्सरपाशी उभा राहिलो. धूर काळपट, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या पेट्रोलच्या वासाचा. गाडी तापल्यावर त्यात कुजक्या अंड्यासारखा वास मिसळला. हा वास पेट्रोलमधल्या गंधकाचा. मिश्रण गरजेपेक्षा जाड झालं, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (आम्ही त्याला कॅट म्हणतो) तो तसा बाहेर पडतो. निळसर धूर असता तर ऑइल जळतंय असं समजलो असतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नसता आणि त्याला गोडसर वास असता, तर कूलंट आत जातंय का हे बघावं लागलं असतं. थंडीत सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ मात्र साधी वाफच असते, तिला घाबरू नका.

मग चारही प्लग काढले. प्लग म्हणजे इंजिनची जीभ, वैद्याने आधी तीच बघावी. निरोगी प्लगचं टोक भाजलेल्या भाकरीच्या फिकट तपकिरी रंगाचं असतं. खरोखर पेट्रोल कमी पडत असेल तर ते पांढरंफटक, चुन्यासारखं दिसतं. सरांच्या गाडीचे चारही प्लग कोरड्या काजळीने काळे होते, बोट फिरवलं की बोटाला तव्याच्या बुडासारखी काळी भुकटी. चारही सारखेच, म्हणजे एका सिलिंडरचा किंवा एका कॉइलचा दोष हा नव्हे. चारही सिलिंडरना जास्तीचं पेट्रोल मिळत होतं.

आणि कोड म्हणत होता मिश्रण पातळ आहे. सगळी गोम इथेच होती.

ट्रिमचे आकडे आणि त्यांचा अर्थ

पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनचा कॉम्प्युटर आत किती हवा येतेय त्याचा हिशेब करून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. हिशेब बरोबर निघाला का, हे तो पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला विचारतो. जळक्या वायूत ऑक्सिजन उरला असेल तर साधा सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, ऑक्सिजन संपलेला असेल तर ०.९च्या आसपास. गाडी गरम असताना हा आकडा सतत खालीवर नाचत राहिला पाहिजे. तो बघून कॉम्प्युटर पेट्रोल टक्क्याटक्क्याने वाढवतो किंवा कमी करतो. हाच ट्रिम. एक तात्पुरता असतो, क्षणाक्षणाला बदलणारा. दुसरा दीर्घ, शिकून ठेवलेला. दोन्हींची बेरीज करायची. अधिक म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कापतोय. बेरीज दहाच्या आत असेल तर मी लक्ष देत नाही. वीस-पंचविसाच्या पुढे गेली की दिवा लागतो आणि पी०१७१ हा कोड येतो. उलट्या बाजूला गेली तर पी०१७२.

सरांच्या गाडीत आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवून, बेरीज निघाली अधिक २४. अडीच हजार आरपीएमला ती अधिक ८वर उतरली.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त उरलेला ऑक्सिजन दिसतो, मग तो इंजिनातून आलेला असो नाहीतर बाहेरून शिरलेला. त्यामुळे प्लग आणि ट्रिम दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे:

प्लग पांढरे आणि ट्रिम अधिक, तर पेट्रोल खरंच कमी पडतंय किंवा न मोजलेली हवा आत शिरतेय. प्लग काळे आणि ट्रिम उणे, तर पेट्रोल खरंच जास्त येतंय आणि कॉम्प्युटर ते कापायला धडपडतोय. इंजेक्टर गळत असेल, प्रेशर रेग्युलेटर फाटला असेल, टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल. पंपावर टाकी भरली आणि लगेच गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते, अशी तक्रार असेल तर आधी तो पर्ज व्हॉल्व्ह बघा.

आणि प्लग काळे असूनही ट्रिम अधिक असेल, तर सेन्सरच्या समोर खोटी हवा येतेय. कॉम्प्युटर त्या हवेवर विश्वास ठेवून पोट भरलेल्या इंजिनाला आणखी वाढतोय.

ही खोटी हवा दोन वाटांनी येते. एक मिसफायर. ज्या ठोक्याला ठिणगी पडली नाही त्या ठोक्याची सगळी हवा न जळता पुढे जाते आणि सेन्सरला पातळ मिश्रण वाटतं. कोड पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी काही असेल तर आधी कॉइल, प्लग, कॉम्प्रेशन बघून मिसिंग काढा, त्याशिवाय ट्रिमकडे बघण्यात अर्थ नाही. सरांच्या गाडीत मिसिंग नव्हतं. राहिली दुसरी वाट: सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला गळती.

लोकांना हे पटत नाही. म्हणतात, गळती असेल तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? पण जळका वायू नळीतून नदीसारखा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. एक ठोका पुढे निघून गेला की त्याच्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि त्या क्षणाला फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलला ठोके लांब लांब असतात म्हणून हवा जास्त ओढली जाते. आरपीएम वाढले की ठोके जवळ येतात, आतला दाब चढतो आणि हवा शिरायचं प्रमाण घटतं. अधिक २४चे अधिक ८ का झाले, ते इथे कळतं.

इंटेकची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूची, गळतीही आयडलला जास्त आणि वर कमी असाच ट्रिम दाखवते, म्हणून नुसत्या ट्रिमवर निकाल देऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवेचा हिशेब इंटेक मॅनिफोल्डच्या दाबावरून होतो. त्यांत इंटेकला गळती असली तर ती हवाही मोजली जाते आणि बहुतेक वेळा आयडलच चढतं. सरांच्या गाडीचं आयडल जागेवर होतं.

फट कशी सापडली

इथे माझीही चूक झाली, ती सांगतो. सर पहिल्यांदा आले तेव्हा गाडी चिपळूणहून तापून आली होती आणि मी ती तशीच तपासली. कान लावला, काहीच ऐकू आलं नाही. तापल्यावर लोखंड फुगतं आणि बारीक फट मिटते. त्या दिवशी मी टाकीतल्या पंपाची जाळी साफ करून गाडी दिली आणि सर तीन आठवड्यांनी परत आले. म्हणून दुसऱ्या वेळी गाडी रात्रभर ठेवून घेतली.

सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेट उघडून उभा राहिलो तर टिक-टिक-टिक असा बारीक आवाज, शिवणयंत्र लांबून ऐकावं तसा. रेस दिली की आवाज भराभर व्हायचा. तीन-चार मिनिटांत तो पार नाहीसा झाला. अनेक जण याला टॅपेटचा आवाज समजून व्हॉल्व्ह सेट करायला घेतात. टॅपेटचा आवाज गरम झाल्यावर असा विरत नाही.

गाडी बंद करून गार होऊ दिली. मग धूळ उडवायचा ब्लोअर सायलेन्सरच्या मागच्या टोकाला लावला, भोवती ओलं फडकं गुंडाळून आवळलं आणि इंजिन बंद ठेवून हवा उलटी आत सोडली. धुण्याच्या साबणाचं दाट पाणी करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावत गेलो. मधला जोड, सेन्सरचा आटा, कॅटचा फ्लँज, सगळं कोरडं. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर एकत्र करणारा नळ, जिथे इंजिनच्या हेडला बसतो तिथे शेवटच्या सिलिंडरखाली गॅरेजमधल्या पोऱ्याने हात नेला आणि ओरडला, "उस्ताद, फेस!" तांदूळ शिजताना झाकणाखालून येतात तसे बुडबुडे एका रेषेत येत होते. हीट शील्ड काढली तर त्या जागी काजळीची पंख्यासारखी काळी खूण होती. कडेचा एक स्टड आतल्या आत तुटला होता आणि नट नुसता बसल्यासारखा दिसत होता. मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधलं पॅकिंगही जुनंच परत बसवलेलं. कधीतरी कोणत्या तरी कामासाठी मॅनिफोल्ड उघडला गेला असणार आणि नवं पॅकिंग न टाकताच लावला असणार. दीड-दोनशे रुपयांची ती वस्तू.

ब्लोअर नसेल तर गाडी थंड असताना आयडलवर ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद दाबायला कोणाला तरी सांगा आणि स्वतः पुढे कान द्या. फुसफुस ऐकू येते. फडकं तिथेच धरून ठेवायचं नाही. तापलेल्या मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची सवय काही जणांना आहे, ती सोडा, भडका उडतो. आणि हे सगळं उघड्यावर करा. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून काम करणारा माणूस डोकं जड झालं म्हणून बसतो आणि उठत नाही. पुढच्या बाजूला गळती असलेल्या गाडीत तोच वायू ब्लोअरच्या वाटेने केबिनमध्येही येऊ शकतो. घाटातल्या जॅममध्ये पोरांचं डोकं दुखतं, मळमळतं, असं कोणी सांगितलं की मी ते 'घाट लागला' म्हणून सोडत नाही.

अजून एक खुंटी हलवून बघण्यासारखी आहे. गळती सापडत नसेल तर कोड आणि मेमरी पुसा, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा सॉकेट काढा आणि पाच-सात किलोमीटर चालवा. दिवा लागेल, लागू दे. सेन्सर नसताना कॉम्प्युटर मूळ आकड्यांवर चालतो. गाडी एकदम मोकळी पळाली तर बातमी खोटी होती हे पक्कं, मग खोटं सेन्सर बोलतोय की गळती, ते शोधा. सरांच्या गाडीचा सेन्सर नवाच होता आणि बिचारा खरं तेच सांगत होता. त्याच्या तोंडासमोर जी हवा आली तिचीच त्याने वर्दी दिली.

मग घाटात ताकद का नाही?

जाड मिश्रणाने ॲव्हरेज पडतं, वास येतो, पण दुसऱ्या गिअरला गाडी उभी राहावी इतकी ताकद जात नाही. त्यासाठी अजून काहीतरी हवं होतं, आणि ते कॅट होतं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते. तिच्या हजारो बारीक नळ्यांना प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथे जळून जातात. नीट गाडीत ही वीट साधारण चारशे ते सहाशे अंशांवर काम करते. पण इथे महिनोन्महिने जास्तीचं पेट्रोल येत होतं आणि ते जाळायला फटीतून ताजी हवाही मिळत होती. चुलीत लाकूडही घातलं आणि फुंकणीही मारली. हजार अंशांच्या आसपास लेप मरायला लागतो, आणि त्याच्याही बरंच पुढे गेलं की वीट वितळून नळ्या एकमेकींना चिकटतात. मग धुराला वाट उरत नाही. इंजिन श्वास सोडू शकत नाही म्हणून घेऊही शकत नाही. सपाटीवर थोड्या थ्रॉटलवर ते कळत नाही, घाटात पूर्ण पाय दाबला की कळतं.

कॅट चोक झालंय हे अंदाजाने ठरवू नका, वस्तू पाच आकडी किमतीची आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर २२च्या पान्याने काढा आणि त्या भोकात प्रेशर गेज लावा. साधारण हिशेब असा: आयडलला ०.१ बारच्या आत, अडीच हजार आरपीएमला ०.२ बारच्या आत. सरांच्या गाडीत अडीच हजारला ०.५ बार आलं. गेजचा जोड नसेल तर इंटेकला व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे कराड-पुण्याच्या उंचीला सुमारे दोन इंच वजा. १६ दिसलं म्हणून इथे इंजिन खराब समजू नका, पण तेच १६ चिपळुणात दिसलं तर विचार करा. आता आरपीएम अडीच हजारवर धरून ठेवा. काटा स्थिर राहिला तर वाट मोकळी. पाच-दहा सेकंदांत हळूहळू उतरत गेला तर मागे काहीतरी अडकलंय. ते कॅटच असेल असंही नाही. मफलरच्या आतला पत्रा सुटून तोंडावर बसलेला मी पाहिलाय, आणि पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये उंदराने कोंबलेलं गवतही.

कॅटवर रबरी हातोडीने हळूच ठोकून बघा. आत खडखड वाजलं तर वीट फुटलीय. आणि कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा पी०४२० हा कोड दिसला म्हणून लगेच कॅट बदलायला धावू नका. मागच्या सेन्सरच्या आसपासची गळतीही तोच कोड आणते.

सरांना मी जुनं पॅकिंग आणि काढलेलं कॅट समोर ठेवून दाखवलं. कॅटच्या तोंडात टॉर्च मारली तर अर्ध्यापेक्षा जास्त जागा काचेसारखी वितळून बंद होती. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या पॅकिंगपायी हे?" होय, त्या पॅकिंगपायीच. आणि पॅकिंग तसंच ठेवून नुसतं कॅट नवं टाकलं असतं तर वर्षभरात तेही असंच वितळलं असतं.

काही जण सुचवतात की कॅट फोडून आतली वीट काढून टाका, गाडी मोकळी होईल. गाडी मोकळी होते हे खरं. पण भारत स्टेज ४च्या पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. विटेशिवाय ते प्रामाणिकपणे जमत नाही, आणि जो धूर निघतो तो मागच्या दुचाकीवर बसलेल्या लेकराच्या नाकात जातो. मी हे काम करत नाही.

खरंच पेट्रोलचा दोष असेल तर

बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये अडकणारा दाब) ठीक, प्लग पांढरे, ट्रिम आयडलला बरा पण चढावर अधिककडे पळतोय, असं असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोन सेकंद पंपाची घूं ऐकू येते का बघा. पण आवाज आला म्हणजे दाब आला असं नव्हे. गेज लावूनच बघायचं. रेग्युलेटर टाकीत असलेल्या गाड्यांत दाब साधारण तीन ते चार बार असतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस पुस्तकात बघा. गेज आयडलला बघून सोडू नका, रेस देऊन, शक्य असेल तर चढावर चालवून बघा. दाब बरा पण मात्रा कमी अशीही गाडी असते. लाइन सोडून लोखंडी किंवा पेट्रोल चालणाऱ्या कॅनमध्ये मोजा, अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा लिटर यायला हवं. जवळ बिडी नको, चालू दिवा नको, बॅटरीची ठिणगी नको.

पंप दोषी ठरवण्याआधी पंपाच्याच सॉकेटवर पंप चालू असताना व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असतील तर वायरिंग किंवा अर्थिंगची वायर गंजलीय, पंप बिनदोष. पाटण-कोयनेकडच्या गाड्यांत पावसामुळे हा प्रकार मी वारंवार बघतो. उंदरांनी खाल्लेली वायर तर दर पावसाळ्यात.

काळे प्लग आणि उणे ट्रिमची गाडी असेल तर सकाळी स्टार्ट करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत. कूलंटचा आकडा फारच खाली असेल तर कॉम्प्युटर इंजिन गारठलंय समजून पेट्रोल ओततोय. मिनिटभराची तपासणी आहे, आणि ती फार थोडे जण करतात.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल रोज विचारतात. २०२३पासून ते पंपांवर यायला लागलं आणि आता बिघाड कसलाही असो, दोष त्याला दिला जातो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ई१०वरून ई२०वर आल्यावर ट्रिम चार-पाच टक्क्यांनी अधिककडे सरकतो आणि ॲव्हरेजही थोडं उतरतं. एवढा बदल नैसर्गिक आहे. अधिक २४ कधीच ई२०मुळे होत नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील मात्र त्याने फुगतात, चिरतात, म्हणून ई२०साठी न बनलेल्या गाडीच्या नळ्यांवरून वर्षातून एकदा हात फिरवा. इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी अडखळायला लागली तर टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून पुसा, इंजेक्टरच्या मागे लागू नका.

सरांच्या गाडीचं काय केलं

तुटलेला स्टड ड्रिल करून काढला, आटे साफ केले. मॅनिफोल्डचा तोंडाकडचा भाग सरळ पट्टी लावून तपासला, तो वाकलेला नव्हता. वाकलेला असता तर मशिनवर सपाट करून घ्यावा लागला असता, नाहीतर नवं पॅकिंगही महिन्याभरात फुंकतं. नवं पॅकिंग, नवे स्टड आणि नट, नवं कॅट. नट मधून कडेकडे जात, दोन टप्प्यांत, पुस्तकातल्या टॉर्कला. प्लग साफ करून तेच लावले, ते नवेच होते. ऑइल बदललं, कारण इतके महिने जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतच होता. मग मेमरी पुसली.

पुढच्या शनिवारी मी एसटीने चिपळूणला गेलो आणि सरांबरोबर स्कॅनर मांडीवर घेऊन गाडीतून परत आलो. पोफळी मागे पडली. पहिल्या मोठ्या वळणाला सरांनी सवयीने दुसरा टाकला, वळण संपताच गाडीनेच तिसरा मागितला. वर हेळवाकपर्यंत पाऊस, धुकं, पुढे ट्रक. आकडे अधिक तीन आणि उणे दोनच्या मध्ये खेळत होते. सर काही बोलले नाहीत, फक्त वर आल्यावर काच खाली करून एक लांब श्वास घेतला.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलावली, रात्रभर गार होऊ दिली आणि मॅनिफोल्डचे नट टॉर्क पान्याने परत तपासले. नवं पॅकिंग तापून दबतं, म्हणून हे करावंच लागतं. एका नटाने पाव फेरा घेतला. थंड स्टार्टला टिक-टिक नाही, आयडलला ट्रिमची बेरीज अधिक दोन, अडीच हजारला बॅकप्रेशरचा काटा ०.१च्या खाली. ते आकडे तारखेसकट सरांच्या सर्व्हिस पुस्तकात लिहून दिले, म्हणजे पुढे कोणत्याही मिस्त्रीने गाडी उघडली तरी त्याला तुलना करायला काहीतरी असेल.